घर विकायचे आहे? मग तयारी वर्षभर आधी करा!

पनवेलच्या कोणत्याही कॉलनीत संध्याकाळी दहा मिनिटे कट्ट्यावर बसा, घरांच्या भावाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि ज्या घराकडे कालपर्यंत कुणी ढुंकून पाहत नव्हते त्याच्या दारात एजंट घिरट्या घालू लागले. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली येथे पोटाला चिमटा घेऊन सिडकोचे छोटे घर घेतलेली आपली पिढी आता निवृत्त झाली आहे. कुणी रेल्वेत होते, कुणी गोदीत, कुणी शाळेत शिपाई. मुले नोकरीच्या गावी गेली, गुडघे जिना चढू देत नाहीत. घर विकून मुलांजवळ किंवा गावाकडे जावे असा विचार मनात येणे यात गैर काहीच नाही.

पण विचार येतो एप्रिलमध्ये आणि गिऱ्हाईक हवे असते मे महिन्यात! येथेच घोडे पेंड खाते. आम्ही दिवसभर कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतील लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, तक्रारी लिहून देतो. या कामात आम्ही जे पाहिले त्यावरून सांगतो की, रंग उडाला म्हणून सौदा मोडलेले घर आमच्या पाहण्यात नाही. कागद नाही म्हणून मोडलेले मात्र भरपूर आहेत. विसार घेऊन झालेला असतो, त्या जोरावर दुसरीकडे घर पाहिलेले असते, आणि बँकेचा वकील एक कागद मागतो. तो कागद कुठे असतो? गावच्या पेटीत. पेटी कुणाकडे? धाकट्या भावाकडे. आणि धाकट्या भावाशी बोलणे बंद!

म्हणून पहिले काम म्हणजे एक जाड फाइल आणा आणि घराचे सारे कागद तीत तारखेच्या क्रमाने लावा. वाटपपत्र, सिडकोशी झालेला करारनामा, हप्ते भरल्याच्या पावत्या, ताबापावती, मधल्या काळात घर दुसऱ्याकडून घेतले असल्यास नोंदणीकृत दस्त आणि त्याची सूची क्रमांक दोन, सिडकोचे हस्तांतरणपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, कर्ज काढले असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र. शेवटच्या कागदाकडे आपले लोक फार दुर्लक्ष करतात. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले, संपले! मूळ कागद बँकेतून परत आणले का, हे दहा वर्षांनी आठवते. तोवर त्या बँकेची शाखा हललेली असते, नाव बदललेले असते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सिडकोच्या घराखालची जमीन आपल्या मालकीची नसते. ती सिडकोने भाडेपट्ट्याने, मूळ करारांत ६० वर्षांच्या मुदतीने, दिलेली असते. म्हणजे आपण विकतो तो त्या पट्ट्यावरील आपला हक्क. त्यामुळे सिडकोच्या परवानगीवाचून आणि हस्तांतरण शुल्क भरल्यावाचून घर दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. हे शुल्क किती, ते घेणारा भरणार की विकणारा, हे आधी विचारून, ठरवून, कागदावर लिहून ठेवावे. तोंडी ठरले की भांडण ठरलेलेच.

सगळ्यात अडचणीचा प्रकार म्हणजे मुखत्यारपत्रावर घेतलेली घरे. एके काळी सिडकोच्या वसाहतींत अशी घरे सर्रास घेतली गेली. मूळ वाटपदाराने मुखत्यारपत्र लिहून दिले, पैसे घेतले आणि तो निघून गेला. राहणाऱ्याने तीस वर्षे लाइट बिल भरले, लग्ने केली, बारसे केले. पण घर आजही त्या मूळ माणसाच्याच नावावर! सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणातील निकालात स्पष्ट सांगितले आहे की, नुसत्या मुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे त्या पत्राचा जीवच जातो. ज्यांचे घर असे आहे त्यांनी विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवून आधी सिडकोच्या कार्यालयात जाऊन घर नियमित करण्याचा मार्ग विचारावा. मूळ माणूस हयात असेल तर त्याला आजच शोधावे. उद्या त्याच्या सहा वारसांना शोधावे लागेल.

दुसरी अडचण नावाची, आणि ती खास आपल्या समाजाची आहे. आपल्यातील कित्येकांनी जातीवाचक आडनाव टाकून गावावरून किंवा आवडीने नवे आडनाव घेतले. अभिमानाचीच गोष्ट! पण वाटपपत्रावर जुने आडनाव, आधारवर नवे, पॅन कार्डावर वडिलांचे नावच वेगळे, आणि वहिनींच्या बाबतीत तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव अशी तिन्ही कागदोपत्री आलेली. खरेदीदाराच्या वकिलाला ही तीन माणसे वाटतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झाला असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. झाला नसेल तर करून घ्या. कामास वेळ लागतो, खर्च फारसा नाही.

आता वारसाचा प्रश्न. वडील वारले, घर त्यांच्या नावावर, आई नॉमिनी. सगळे समजतात की घर आईचे झाले. तसे नाही. नॉमिनी हा मालक होत नाही. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. आपण बौद्ध असलो तरी वारसाच्या बाबतीत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच आपल्याला लागू आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर त्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असल्यास ती, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. मुलीचा वाटा मुलाइतकाच.

आणि येथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागते. घर विकायचे ठरले की भाऊ बहिणीकडे जातात. साडी नेतात, मिठाई नेतात, हक्कसोडपत्र नेतात. "ताई, एक सही कर, नाहीतर काम अडतंय." ताई सही करते, कारण तिला माहेर तुटू द्यायचे नसते. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यामुळे ताईला निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटोही द्यावा लागतो. कायद्याने यात गैर काही नाही. बहीण स्वखुशीने सोडू शकते. पण स्वखुशी म्हणजे काय? तिला घराचा भाव सांगितला होता का? तिच्या वाट्याला किती रक्कम येते हे आकड्यात लिहून दाखवले होते का? हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून ज्या बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांची जयंती धूमधडाक्यात करायची आणि बहिणीला मात्र भाव न सांगता सही मागायची, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. आमच्या माहितीतील खांदा कॉलनीतील एका कुटुंबाने सही मागण्याऐवजी दोन्ही बहिणींना दस्तात विकणार म्हणून बरोबर घेतले आणि त्यांच्या वाट्याचे चेक थेट त्यांच्या नावाने काढायला लावले. एका बहिणीने त्या पैशांतून मुलीची नर्सिंगची फी भरली. हक्कसोडपत्रही लागले नाही.

कागद झाले, आता भिंती. घर वर्षभर आधी का तयार करावे याचे खरे उत्तर पनवेलच्या पावसात आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने घर स्वतःच आपले दुखणे सांगते, ऐकणारा हवा. जिथे ओल उमटेल तिथे पेन्सिलीने कडेने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. आठ दिवसांनी ओल रेघेबाहेर गेली तर गळती चालू आहे. पाऊस थांबल्यावरही ओल वाळत नसेल तर दोष गच्चीचा नाही, वरच्या मजल्यावरच्या मोरीचा किंवा पाइपचा आहे. हे कळण्यासाठी एक पुरा पावसाळा हातात लागतो. दिवाळीनंतर भिंत पूर्ण वाळली की दुरुस्ती करावी, मगच लांबी भरावी, आणि रंग सर्वांत शेवटी. मार्च-एप्रिलमध्ये घर दाखवायला काढले की शाळा बदलायच्या हिशेबाने फिरणारी कुटुंबे भेटतात.

ओलीवर डिस्टेंपर फासून घर दाखवणारे लोकही आहेत. एजंटच तसा सल्ला देतात. "दोन महिने टिकलं की झालं!" घेणारा बिचारा मेमध्ये राहायला येतो आणि जुलैमध्ये त्याच्या बाळाच्या पाळण्यावर पोपडे पडतात. मिळकत हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की, घराचा जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. कायदा राहू द्या. रोज सकाळी पंचशील घेणाऱ्या माणसाला चौथे शील वेगळे समजावून सांगायला नको. गळती असेल तर ती दाखवावी, दुरुस्तीची पावती दाखवावी, हवे तर चार पैसे कमी घ्यावेत.

दुरुस्ती काय करावी, याबाबत आमचे मत असे की, गिऱ्हाइकासाठी नवे स्वयंपाकघर आणि चकचकीत टाइल्स बसवण्याच्या फंदात पडू नये. येणारी वहिनी ओटा आपल्या मनासारखा फोडून घेणारच असते. गळती, वीज, नळ, दारे-खिडक्यांची कड्या-कुलुपे एवढे नीट असले की पुरे. जुन्या वायरिंगवर एसी लावलेला असेल तर वायरमनकडून ते एकदा तपासून घ्या. इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर संरचनात्मक परीक्षण कायद्यानेच करावे लागते. सोसायटीने ते केले आहे का, अहवाल काय म्हणतो, हे सेक्रेटरीकडून आताच विचारा, कारण घेणाऱ्याची बँक ते विचारणारच. आणि खर्चाची प्रत्येक पावती त्या जाड फाइलमध्ये! का, ते पुढे सांगतो.

त्याआधी माळ्यावर चढू. चाळीस वर्षांचा संसार तिथे बसलेला असतो. फुटकी घागर, मोडकी सायकल, जयंतीच्या मंडपाचे बांबू, मुलांची चौथीची पुस्तके. घर मोकळे दिसावे म्हणून हे काढावेच लागते, आणि खोली खरोखर दीडपट दिसते. पण रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी थांबा. आपल्या बापजाद्यांनी पोट मारून जपलेले कागद याच ढिगात असतात. 'जनता'चा एखादा पिवळा पडलेला अंक, १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' नाव घेतल्यानंतरचे अंक, नागपूरच्या दीक्षेचा फोटो, गावच्या विहिरीच्या खटल्याची समन्स, जलशाच्या गाण्यांची हस्तलिखित वही. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, वसंत मून यांनी त्यांचे संपादन केले. पण आपल्या गल्लीतील चळवळीचा खंड कोण काढणार? तो आपल्या माळ्यावरच आहे! तेव्हा एक रविवार काढा, घरातील म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवा आणि प्रत्येक कागद त्यांना दाखवून मागे पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, केव्हा. हे कागद विहाराच्या वाचनालयाला द्यावेत, पण आधी तिथे वाळवी नाही ना हे पाहून! आम्ही अशी एक वही वेळेवर वाचवली. तिच्यात १९७२ च्या दुष्काळात वस्तीत कुणाकडे किती धान्य वाटले याचा पैन् पैचा हिशेब होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे खरे तर मनात आले, ती सांगतो. नवीन पनवेलमधील आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचे घर विकायचे होते. एजंट घर पाहायला आला. हॉल चांगला आहे म्हणाला, हवा आहे म्हणाला. मग समोरच्या भिंतीकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण गिऱ्हाईक आणताना तेवढे ते फोटो काढून ठेवा. आणि दारावरची पाटीपण. लोक बिचकतात हो. भावात दोन-तीन लाखांचा फरक पडतो."

भिंतीवर बुद्धमूर्तीचे चित्र होते, बाबासाहेब होते, रमाई होती.

घर विकणाऱ्याने आपल्या खाणाखुणा काढून ठेवाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला ते आपले वाटते, हा सल्ला जगभर दिला जातो. लग्नाचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटे काढली तर आमचे काहीच म्हणणे नाही. पण शेजारच्या घरातील देव्हारा झाका असे तो एजंट सांगत नाही. मग आमच्याच भिंतीचा बिचका का? १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात छप्पर मिळावे म्हणून पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, हे आपण सगळे जाणतो. ते छप्पर मिळवण्यासाठी होते. आता स्वतःच्या मालकीचे छप्पर विकायला काढले तरी नाव लपवायचे?

गुरुजींच्या घरात यावर आठ दिवस चर्चा झाली. मुलाचे म्हणणे, "बाबा, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, फोटो आपल्या मनात आहेत ना!" त्याचेही अगदीच चूक नव्हते, त्याच्या डोक्यावर कर्ज होते, आणि दोन-तीन लाख म्हणजे थट्टा नव्हे. सून म्हणाली, "ज्याला हे फोटो खुपतात तो आपल्या खालच्या मजल्यावरच्या लोकांचा शेजारी होणार आहे. त्यांना काय भोगायला लावायचं?" तळमजल्यावर आपलीच दोन कुटुंबे राहतात. या बोलण्यानंतर मुलगा गप्प झाला. फोटो राहिले. एजंट बदलला. घर विकायला सात महिने लागले, म्हणजे आसपासच्या घरांपेक्षा जास्तच. काही लोक दारातूनच परत गेले, एकाने आडनाव विचारले आणि मग फोनच उचलला नाही. अखेर एका बँकेतील बाईंनी घेतले, त्या आपल्या समाजाच्या नव्हेत. त्यांनी ओल कुठे येते एवढेच विचारले. भाव गुरुजींनी मागितला त्यापेक्षा थोडा कमी मिळाला. तो फोटोंमुळे कमी झाला की स्लॅबमुळे, हे आम्ही सांगू शकत नाही.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरचे घर विक्रीला निघाले, तेव्हा त्याच्या भिंतीवर १९२१-२२ मध्ये येथे डॉ. आंबेडकर राहत होते अशी पाटी होती. ती कुणी झाकली नाही. उलट त्या नावासाठीच महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते घर घेतले! पनवेलच्या एजंटने हे ऐकले असते तर काय म्हणाला असता, याचा विचार करून आम्हाला हसू येते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपलेच काही लोक घर विकताना "गिऱ्हाईक आपल्यातलंच हवं" म्हणतात, काही "अमके नकोत" असेही म्हणतात. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले गेले म्हणून ज्याने अपमान गिळला, त्याने आपल्या दारात आडनाव विचारू नये.

राहिला पैशांचा हिशेब, आणि बी. कॉम. असल्यामुळे तो आम्ही सोडणार नाही. "थोडे रोख घ्या, दस्त कमीचा करू" असे म्हणणारे भेटतील. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे, दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा १ टक्का कर कापून सरकारात भरतो. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वजा होतात. घर २४ महिन्यांहून अधिक काळ आपले असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाईची वजावट न घेता १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला, येथे राहणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, वजावट घेऊन २० टक्के हा जुना हिशेबही करून पाहता येतो. जो कमी तो भरावा. एप्रिल २००१ पूर्वीचे घर असेल तर मूळ चिल्लर किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, त्यासाठी मूल्यनिर्धारकाचा दाखला घ्यावा. आणि घरात वाढीव बांधकाम किंवा मोठी सुधारणा केली असेल तर तो खर्च किमतीत मिळवता येतो, पावती असेल तरच! जाड फाइल कशासाठी, हे आता कळले असेल. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर त्या प्रमाणात कर वाचतो.

बाबासाहेबांनी दादरला राजगृहाबरोबर बांधलेली 'चार मिनार' ही इमारत १९४१ मध्ये विकली, राजगृह मात्र राखले. कर्ज फेडणे आणि ग्रंथ घेणे या त्यांच्या गरजा होत्या. आपलीही गरज कोणती ते विसार घेण्यापूर्वी घरातील सर्वांना माहीत असावे. सगळी रक्कम एकाच मुलाच्या खात्यावर टाकून नंतर दोन घरांत पाहुण्यासारखे राहणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. म्हाताऱ्यांच्या नावाने काही रक्कम मुदत ठेवीत आधी बाजूला पडावी, मग बाकीची वाटणी.

मालमत्ता कराची बाकीही आताच पाहून घ्या. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली आणि सिडको वसाहतींतील कराची आकारणी त्या तारखेपासून धरली गेली. सिडकोला सेवा शुल्क भरलेले असताना हा दुसरा कर कशाचा, म्हणून रहिवासी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. तुमचे मत काहीही असो, आपल्या घराच्या नावावर किती रक्कम दिसते याचा उतारा काढून फाइलला लावा. लाइटचे मीटर, पाण्याचे बिल, सोसायटीचे मेंटेनन्स यांचेही तसेच. दस्त झाल्यावर किल्ली देताना मीटरचे आकडे दोघांनी मिळून लिहून सह्या कराव्यात. पेन्शनची बँक, रेशन कार्ड, मतदार यादी आणि गॅस यांचे पत्ते त्याच महिन्यात बदलावेत. आणि या साप्ताहिकाच्या वर्गणीदारांनी एक पोस्टकार्ड आमच्या कार्यालयालाही टाकावे, नाहीतर अंक नव्या घरमालकाच्या दारात जाऊन पडतो.